रंगाच्या डब्याआधी कॅमेरा

मनमाडकडून येताना परभणीच्या अलीकडे पेडगाव स्टेशन लागतं. तिथून धारासूर एका दिवसात करून येता येतं. गंगाखेड तालुक्यातल्या या गावी गोदाकाठावर गुप्तेश्वराचं मंदिर आहे. बाहेरच्या भिंतीवर सूरसुंदरी, वर विटांचं शिखर. चारठाणा, औंढा, होट्टल... मराठवाड्यात जुन्या मंदिरांना तोटा नाही. ऊन-पावसाला ती पुरून उरली. आता त्यांना धाक आहे तो भाविकांच्या उत्साहाचा. वर्गणी जमली की गाभाऱ्यात चकचकीत फरशी, खांबांना ऑइल पेंट, सांध्यांत सिमेंट. हेतू चांगलाच असतो, पण छिन्नीचे घाव रंगाखाली गेले की कारागिराचा हात दिसेनासा होतो.

म्हणून डब्याचं झाकण उघडण्याआधी कॅमेरा यावा. फोटोवरून इमारत मोजायची ही विद्या तशी जुनी. १८५८ साली जर्मनीत वेत्झलारच्या चर्चची मापं घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर वरून पडता पडता वाचला आणि मापं फोटोवरूनच काढावीत, हे त्याच्या मनानं घेतलं. आपल्याकडेही १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या मंडळींनी अंबरनाथच्या शिवमंदिराची मापं, फोटो आणि ठसे घेतले होते.

आज त्यालाच फोटोग्रामेट्री म्हणतात. एका सूरसुंदरीभोवती फिरत फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साठ-सत्तर टक्के भाग यायलाच हवा. दोन्हींतल्या सामाईक खुणा जुळवून संगणक लाखो बिंदूंची त्रिमिती आकृती उभी करतो. शेजारी मोजपट्टी नसेल तर आकार मिळतो, माप मिळत नाही. हौशी लोक नेमके इथेच फसतात. भर दुपारी काम करू नये, सावल्या कोरीवकाम गिळतात. आभाळ भरून आलेला दिवस उत्तम. गाभाऱ्यात पंचाईत निराळी: तेलातुपानं चकाकणाऱ्या दगडावर संगणकाला खूण सापडत नाही, तिथे लेसर स्कॅनर लागतो. झिजलेल्या शिलालेखासाठी कॅमेरा एका जागी ठेवून फक्त दिवा फिरवतात. तिरप्या उजेडात बोटांनाही न लागणारी अक्षरं वर येतात.

अशा नोंदीचा उपयोग चोर पकडायलाही होतो. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटनं १९५६ पासून दक्षिणेतल्या मंदिरांचे फोटो जपून ठेवले. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानचा चोरीला गेलेला नटराज ओळखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ऑस्ट्रेलियानं तो २०१४ साली परत केला. आपल्या गावातल्या किती मूर्तींचा मापासकट फोटो आहे, हे सरपंचांना विचारून पाहावं.

पडद्यावर गरागरा फिरणारं मॉडेल पाहुण्यांना दाखवायला झकास, पण ते करून मोकळं व्हायचं नसतं. सॉफ्टवेअर बदलतं, फाइल उघडेनाशी होते. मूळ फोटो असले तर मॉडेल पुन्हा करता येतं. ते दोन-तीन ठिकाणी ठेवावेत, एक प्रत गावात. खचलेली भिंत उतरवून पुन्हा रचायची वेळ येते तेव्हा प्रत्येक दगडावर नंबर टाकतात. दोन पावसाळे काम रखडलं की नंबर पुसट होतात. तेव्हा कोणता दगड कुठल्या थरातला, हे गवंड्याला त्या फोटोंवरूनच ठरवावं लागतं.