जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

न्यायशास्त्राचा व मोटारीचा संबंध काय, असें कोणी विचारलें असतें तर कांहीं काळापूर्वीं आम्हांसही उत्तर देतां आलें नसतें. शाळा सुटल्यावर ज्या मुलांस संस्कृताची गोडी, त्यांस अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहां’तील धूर व अग्नि यांचें उदाहरण आम्हीं वर्षानुवर्षें समजावून दिलें, परंतु त्याचें मर्म आम्हांस कळलें तें एका वैशाखांत, पारोळ्यापुढें धुळ्याच्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपाशीं. ती हकीकत सांगावी, व ज्यांच्या घरीं अद्याप एखादी जुनी मोटार आहे त्यांस तिचे दोष ओळखण्याची रीतिही निवेदन करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या जळगांवच्या एकत्र कुटुंबांत १९६८ सालची एक मोटार आहे. वडिलांनीं ती घेतली तेव्हां घरांपुढें बहुधा दोनच जातींच्या गाड्या दिसत: एक उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसेडर, व दुसरी वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी फियाट. आमची गाडी त्यांपैकींच एक. कोणती, तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण पुढें वर्णिलेला अपराध कारखान्याचा नव्हे, तर आमच्या उतावळेपणाचा होता.

धुळ्यास आमच्या अक्कांच्या नातवाची मुंज होती. जळगांवाहून पाळधी, एरंडोल, पारोळें या मार्गानें धुळें सुमारें नव्वद किलोमीटर. निघण्यास उशीर झाला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आमचे दादा मागें बसलेले. खानदेशचा वैशाख म्हणजे पारा पंचेचाळीस अंशांकडे धांवणारा. पारोळें मागें टाकल्यावर गाडीनें दोनचार आचके दिले व ती उभी राहिली. पुतण्या म्हणाला, “काका, पंपांत पेट्रोलची वाफ झाली असणार. ओलें फडकें गुंडाळूं.” फडकें गुंडाळलें, अर्धा तास बाभळीखालीं काढला, आणि गाडी सुरू झाली! आम्ही पुतण्याची पाठ थोपटली. परंतु थोडें अंतर जातांच पुन्हां तीच गत. तिसऱ्या खेपेस दादांना भोवळ आली, तेव्हां मात्र आमचा धीर सुटला. मागून येणाऱ्या एस. टी.स हात दाखवून त्यांस पुतण्यासह पुढें पाठविलें. मुहूर्त टळून गेला होता. दादांच्या प्रकृतीस अपाय झाला नाहीं, हीच ईश्वराची कृपा.

घरीं परतल्यावर मिस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं पंप व कार्बुरेटर दोन्ही एकदमच बदलले; गाडी पुन्हां तशीच तापून थांबली. मग त्यांनीं इंजिन झिजलें असल्याचें सांगून सर्व उघडण्याचा मोठा खर्च मांडला. पुतण्या म्हणाला, “काका, त्यापेक्षां भंगारांत द्यावी.” दुसऱ्या कोणीं निराळें इंजिन बसविण्याची युक्ति सुचविली. परंतु २०२१ सालच्या केंद्रीय नियमाप्रमाणें पन्नास वर्षें उलटलेलें खासगी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावयाचें, तर त्याच्या मूळ बांधणींत मोठा फेरबदल चालत नाहीं; शिवाय असें नोंदविलेलें वाहन नित्याच्या प्रवासासही वापरतां येत नाहीं. दादा एवढेंच म्हणाले, “अप्पांची गाडी आहे. तूं शिकलेला आहेस, तूं ठरव.”

हे शब्द आम्हांस लागले. त्या रात्रीं आम्हीं वहीवर विचार मांडला. पेट्रोलचें इंजिन तीन गोष्टींवर चालतें: हवेशीं योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल, सिलिंडरांत त्याचें दाबलें जाणें, व नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. झिजेनें दाब कमी झालेलें इंजिन गार असतांनाही अशक्तच असतें. आमची गाडी तर सकाळीं जोमानें पळे. म्हणजे उरलीं पेट्रोल व ठिणगी हीं दोनच. जुन्या गाडींत पेट्रोलचा पंप इंजिनासच जोडलेला असतो. तापल्यानें नळींतील पेट्रोलचे बुडबुडे होतात व पंप नुसती वाफ ढकलीत बसतो. पुतण्याचा तर्क म्हणून अगदींच टाकाऊ नव्हता. परंतु ठिणगीचेंही तसेंच आहे. बॅटरीची बारा व्होल्टांची वीज कॉइलमध्यें शिरते. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडतांच ती तुटते, व त्या धक्क्यानें हजारों व्होल्टांची वीज प्लगपर्यंत जाते. पॉइंटच्या टोकांशीं वीज जळून वांयां जाऊं नये म्हणून तेथें कंडेन्सर नांवाची करंगळीएवढी डबी असते. कॉइल किंवा कंडेन्सर सदोष असेल तर तापल्यावर तो दोष प्रकट होतो व गार होतांच लपतो.

येथें आमच्या ध्यानांत आलें कीं, ‘तापल्यावर थांबते, निवल्यावर चालते’ हें लक्षण दोन्ही पक्षीं सारखेंच आहे. ज्या हेतूनें दोन्ही पक्ष सिद्ध होतात, त्यानें एकही सिद्ध होत नाहीं. न्यायशास्त्र त्यास सव्यभिचार हेत्वाभास म्हणतें. ओलें फडकें पंपावर होतें हें खरें, पण त्या अर्ध्या तासांत कॉइल व कंडेन्सरही निवले होते. गुण आला विश्रांतीनें, व मान मिळाला फडक्यास!

दुसऱ्या दिवशीं भर दुपारीं अंगणांत गाडी चालू ठेविली. ती थांबतांच क्षणाचाही विलंब न करितां एक प्लग काढला, त्याची तार पुन्हां जोडली, व रबरी मुठीच्या चिमट्यानें प्लगचें धातूचें अंग इंजिनास टेकवून, प्लगच्या भोंकापासून दूर धरलें. नातवानें स्टार्टर फिरविला. जेथें निळी, तडतडणारी ठिणगी दिसावी तेथें बारीक तांबूस रेघ मात्र चमकली. नंतर कॉइलची वीज तोडून कार्बुरेटरकडील नळी बाटलींत सोडली. पेट्रोल भरपूर आलें. पॉइंट पाहिले तों टोकें काळीं पडलेलीं. संशय कंडेन्सरवर आला. अल्प मोलाचा नवा कंडेन्सर घातला. गाडी तासभर अखंड चालली.

सर्वांस आनंद झाला, परंतु आम्हीं जुना कंडेन्सर पुन्हां बसविण्यास घेतला. पुतण्या चकित होऊन म्हणाला, “काका, चालली ना? मग आतां हा उपद्व्याप कशाला?” आम्ही म्हणालों, “फडकें लावल्यावरही चाललीच होती.” जुना घालतांच गाडी तापून थांबली, नवा घालतांच पुन्हां चालली. हाच अन्वय व व्यतिरेक: कारण असतां कार्य असावें, व कारण काढतां कार्यही जावें. पहिल्यानें तर्क होतो, दुसऱ्यानें निश्चय.

वाचकांच्या उपयोगासाठीं आणखी दोन शब्द. स्टार्टर मुळींच फिरत नसेल तर पुढील दिवे लावून तो दाबावा. दिवे अगदीं विझूं लागले तर बहुधा बॅटरी उतरलेली असते, अथवा तिच्या टोकांवर क्षार चढून जोड सैल झालेला असतो. दिवे जसेच्या तसे राहिले तर वीज स्टार्टरपर्यंत पोंचतच नाहीं; मग किल्ली, सोलेनॉइड व तेथील तारा पाहाव्या. भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, व इंजिन वेगानें चालतांना आंकडा १४ च्या आसपास चढावा. न चढल्यास डायनामो, त्याचा पट्टा किंवा कट-आऊट तपासावा. आडांतच नाहीं तें नव्या बॅटरीच्या पोहऱ्यांत कोठून येणार? आजच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, तें जुन्या रबरास मानवत नाहीं. म्हणून नळ्या वेळोवेळीं पाहाव्या. आणि पेट्रोल उघडें असतां ठिणगीचा प्रयोग कदापि करूं नये, मुलांस तर एकट्यानें मुळींच करूं देऊं नये.

एका वेळीं एकच वस्तु बदलावी, हा मुख्य नियम. दोन बदलल्यास गुण कोणाचा हें कळत नाहीं, व अवगुण राहिल्यास तो कोठें तेंही कळत नाहीं. संसारांतील दुखण्यांसही हा नियम लागू पडावा. पण तो विषय निराळा.

ज्येष्ठांत ऊन अद्याप करडेंच होतें. दादांनीं स्वतः होऊन अक्कांकडे जाण्याची इच्छा दर्शविली. आम्हीं एस. टी.चें सुचवितांच ते कांहीं न बोलतां गाडींत जाऊन बसले. धुळ्यापर्यंत ती कोठेंही थांबली नाहीं. तो जुना कंडेन्सर नातवानें आपल्या कंपासपेटींत ठेविला आहे.