शस्त्रक्रियेच्या धुरात दडलेले निदान

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. स्तनातील गाठ काढून घरी परतलेल्या एक काकू दवाखान्यात आल्या. वय ६८. सोबत काका, आणि काकांच्या हातात तपासणीचा अहवाल. काढलेल्या भागाच्या एका कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचल्या होत्या. सर्जनने पुन्हा शस्त्रक्रिया सुचवली होती. काकू रडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "डॉक्टर, ते उरलेलं त्यांना टेबलावरच का नाही दिसलं?"

प्रश्न अगदी रास्त होता. सर्जनच्या हातून चूक झाली नव्हती, हे मी त्यांना आधी सांगितले. गाठ कोठे संपते आणि निरोगी भाग कोठे सुरू होतो, हे शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून ठरवावे लागते. पेशी मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखू येतात, आणि त्यासाठी काढलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून, त्याचे पातळ काप करावे लागतात. त्यात काही दिवस जातात. स्तन राखून गाठ काढलेल्या सुमारे दर पाच स्त्रियांपैकी एकीला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, असा इंग्लंडमधील अनुभव आहे. शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून तपासण्याची 'फ्रोझन सेक्शन' ही सोय आहे. तिला वीस-तीस मिनिटे लागतात. परंतु स्तनात चरबी पुष्कळ असते, आणि चरबी नीट गोठत नसल्याने काप चांगले पडत नाहीत.

गंमत अशी, की या अडचणीवर शोधलेला एक उपाय स्निग्ध पदार्थांच्याच आधाराने काम करतो.

आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचे आवरण मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचे असते. निरोगी पेशी लागणारी मेदाम्ले बव्हंशी रक्तातून घेते. कर्करोगाची पेशी वेगाने वाढते, तिला नवनवी आवरणे लागतात, म्हणून अनेकदा ती मेदाम्ले स्वतःच तयार करू लागते. अर्बुदाच्या ऊती असे करतात, हे १९५३ मध्येच प्रयोगांत दिसले होते. परिणामी तिच्या आवरणातील स्निग्ध रेणूंचे मिश्रण शेजारच्या निरोगी पेशीपेक्षा निराळे होते. घराघरांतल्या गोड्या मसाल्याचे जिन्नस तेच असतात, पण प्रमाण वेगळे असते आणि वासावरून घर ओळखता येते, तसेच हे.

हे प्रमाण मोजणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. ज्यांनी खळ्यावर उफणणी पाहिली आहे, त्यांना त्याचे तत्त्व सहज कळेल. वाऱ्यात धान्य सोडले की भूस दूर उडते, दाणा जवळ पडतो. या यंत्रात रेणूंना आधी विद्युतभार दिला जातो, मग विद्युतक्षेत्रात ते आपापल्या वजनानुसार वेगळे होतात. कोणत्या वजनाचे किती रेणू आले, याचा आलेख मिळतो. यंत्राला शतकाहून अधिक काळ लोटला आहे. मोठे, नाजूक जैविक रेणू न मोडता त्यात घालण्याची युक्ती मात्र नंतर साधली. तीसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आता शस्त्रक्रियागृहात येऊ. सर्जन वापरतात त्या विजेच्या सुरीला, म्हणजे कॉटरीला, ऊती कापताना धूर येतो. तो शोषून बाहेर टाकायचा, एवढाच त्याच्याशी आमचा संबंध. मूळचे हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ झोल्टान टाकाट्स यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तो धूर नळीने मास स्पेक्ट्रोमीटरकडे वळवला. धुरात त्या ऊतीचेच स्निग्ध रेणू असतात. आधी ३०२ रुग्णांच्या नमुन्यांवरून निरोगी आणि कर्करोगग्रस्त ऊतींच्या आलेखांचा संग्रह केला. नंतर ८१ शस्त्रक्रियांत त्याच्याशी ताडून पाहिले. सुरी कापते आहे ती ऊती कोणती, हे काही सेकंदांतच कळत होते, आणि ८१ ही वेळा उत्तर नंतरच्या सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीशी जुळले. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे केवळ स्तनाच्या ऊतींवर हीच पद्धत तपासली, तेव्हा कर्करोग ओळखण्याचे प्रमाण ९३ टक्क्यांच्या आसपास आले. मला हा दुसरा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो. वैद्यकात शंभर टक्के फार काळ टिकत नाही.

टेक्सासमध्ये लिव्हिया एबर्लिन यांच्या गटाने २०१७ मध्ये याच जातीचे एक पेन दाखवले. ते ऊतीला कापत नाही, जाळत नाही. पाण्याचा थेंब टेकवून त्यात विरघळलेले रेणू तपासायला पाठवते.

एवढे ऐकून काकांनी खिशातून एक कात्रण काढले. रक्ताच्या थेंबातील स्निग्ध पदार्थांवरून कर्करोग ओळखता येईल, असे त्यात लिहिले होते. "मग हिला उगाच सुया टोचायच्या कशाला? आणि माझं लिपिड प्रोफाइल तर दर सहा महिन्यांनी नॉर्मल येतं, म्हणजे मला काळजी नाही ना?"

हा गैरसमज इतरांचाही होऊ शकतो, म्हणून स्पष्टच लिहितो. आपण हृदयासाठी करतो ते लिपिड प्रोफाइल कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड यांची ढोबळ बेरीज सांगते. कर्करोगाविषयी ते काहीही सांगत नाही. मास स्पेक्ट्रोमेट्री शेकडो स्निग्ध रेणू एकेक करून मोजते.

कात्रणातील बातमी खोटी नव्हती. झेक प्रजासत्ताकातील मिखाल होल्चापेक यांच्या गटाने २०२२ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाबाबत असा अभ्यास प्रसिद्ध केला आणि अचूकता ९० टक्क्यांहून अधिक आढळली. हा रोग फार उशिरा उघडकीस येतो, म्हणून ही वाट मोलाची आहे. पण प्रयोगशाळेतून शिबिरापर्यंतचे अंतर मोठे असते. काकांना मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. समजा, १०,००० लोकांत १० जणांना हा रोग आहे. चाचणीने त्यांतील ९ पकडले. उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांपैकी फक्त २ टक्क्यांना तिने चुकून रोगी ठरवले, तरी ते सुमारे २०० होतात. म्हणजे भीतीचा कागद हाती पडलेल्या २०९ जणांपैकी रोग खरोखर ९ जणांनाच! शिवाय रक्तातील स्निग्ध पदार्थ जेवणाने, मधुमेहाने, स्टॅटिनच्या गोळीने बदलतात, आणि आपल्या वयाच्या किती घरांत या गोळ्या नाहीत?

म्हणून घरच्यांना दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या भीतीने बायोप्सी टाळू नका. निदान आजही तिच्यावरच उभे आहे. गाठीची शस्त्रक्रिया ठरली की सर्जनला आधीच विचारा, कडा मोकळ्या नसतील तर पुढे काय? उत्तर ठाऊक असले, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धक्का निम्मा होतो. अहवालाबरोबर मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड कोठे आहेत, याची नोंद ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला गेलात, तर ते पहिल्यांदा तेच मागतात.

काकूंची दुसरी शस्त्रक्रिया दहा दिवसांनी झाली. या वेळी कडा मोकळ्या आल्या. टाके दाखवायला आल्या तेव्हा काका म्हणाले, "हिनं भूल देण्याआधी सर्जनला विचारलं, तुमच्याकडे ती धूर हुंगणारी सुरी आहे का?"

"मग काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, आजी, माझ्याकडे अजून साधीच आहे, पण या वेळी थोडं जास्त काढतो."