अंगणात काय बांधाल?

तुळशी वृंदावन, बसायचा कट्टा : पक्की भाजलेली वीट वापरा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा. २४ तास बुडवल्यावर नेहमीच्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये, असं भारतीय मानक १०७७ सांगतं.

कुंपण : कोकणात जांभ्याचा चिरा उत्तम. खाणीतून निघताना तो मऊ असतो, हवेत कडक होतो. मसाल्याशिवाय दगड रचून केलेला गडगा पावसाचं पाणी अडवत नाही.

उताराची संरक्षक भिंत : पाणी निघायला भोकं ठेवाच, मागे साचलेल्या पाण्याच्या दाबाने भिंत फुगते. उंच भिंतीसाठी अभियंत्याचा सल्ला घ्या.

झाडाचा पार : खोडाभोवती किमान १ मीटर माती उघडी ठेवा. मुळांना हवा-पाणी मिळालं, तरच सावली टिकेल.

फरसबंदी : उतार घरापासून बाहेर, दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर.

लक्षात ठेवा : विटा आधी भिजवा आणि सिमेंटच्या बांधकामावर किमान ७ दिवस पाणी मारा. खर्च आखताना या पाण्याची सोयही धरा.