नदीची जागा

नागपूर शहराला नाव मिळाले ते नाग नदीवरून. शहराच्या पश्चिमेस लाव्याच्या टेकड्या आहेत. तेथे ही नदी उगम पावते, अंबाझरी तलावात शिरते, तलावाच्या सांडव्यावरून पुन्हा बाहेर पडते आणि शहराच्या मधून पूर्वेकडे वाहत जाते. पुढे ती कन्हान नदीला मिळते व कन्हान वैनगंगेला. शहराच्या दक्षिणेकडून वेणा नदी वाहते. ती हिंगणघाटावरून पुढे जाऊन वर्धा नदीस मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते व प्राणहिता गोदावरीत विलीन होते. म्हणजे नागपुरात पडलेला पावसाचा थेंब कोणत्याही वाटेने गेला तरी अखेर गोदावरीसच जाऊन मिळतो.

उन्हाळ्यात यांपैकी एखाद्या नदीच्या काठी उभे राहिले, तर रुंद वाळवंटात पाण्याची बारीकशी धार तेवढी दिसते. पाहणाऱ्यास वाटते, 'एवढ्याशा पाण्याला एवढी मोठी जागा कशाला?' परंतु नदीची जागा उन्हाळ्यातील धारेवरून मोजावयाची नसते. पाणी वाहते ते पात्र, त्याला आवरून धरणारे काठ आणि पूर आला म्हणजे पाणी जेथे पसरते ती सखल जमीन, ही तिन्ही मिळून नदीची जागा होते. जुन्या काळच्या लोकांस हे ठाऊक होते. ते घरे उंचवट्यावर बांधीत आणि काठची सखल जमीन शेतीसाठी व गुरांच्या चरण्यासाठी मोकळी ठेवीत.

शहर वाढू लागले म्हणजे ही मोकळी जागा माणसाच्या डोळ्यांत भरते. १९५१ साली नागपूरची लोकसंख्या सुमारे साडेचार लाख होती. २०११ साली ती २४ लाखांच्या वर गेली. शहराच्या दक्षिणेस, सोनेगावच्या विमानतळालगत, खापरी व आसपासच्या गावांच्या शिवारांत 'मिहान' नावाची नवी वसाहत उभी राहिली. हे नाव एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून बनलेले आहे. तिच्या उभारणीसाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. सुमारे ४,००० हेक्टर जमिनीवर कारखाने, कचेऱ्या, घरे आणि एम्स हे मोठे रुग्णालय यांची येथे योजना झाली. नागपूरहून मुंबईस जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्गही या परिसराजवळूनच सुरू होतो.

एवढ्या बांधकामास सामान कोठून येते? त्याचे उत्तर जमिनीतच आहे. मिहानच्या भागात काळी माती आहे. पावसात ती फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. अशा मातीवर रस्ता बांधला तर तो खचतो, भिंत उभारली तर ती तडकते. म्हणून आधी काळी माती खणून काढावी लागते आणि तेथे मुरूम भरून तो दाबून बसवावा लागतो. त्यावर गिट्टी येते. मुरमासाठी टेकड्या व माळ खणले जातात. गिट्टीसाठी काळा दगड सुरुंगाने फोडतात. खणून झालेली जागा खड्डा होऊन मागे राहते.

रेतीची गोष्ट आणखी निराळी आहे. नागपूरच्या पश्चिमेकडील काळा दगड झिजला म्हणजे त्याची बहुतांशी चिकण माती होते. त्यापासून चांगली रेती फारशी मिळत नाही. कन्हान मात्र सातपुड्यातून येते. तिच्या वाटेत जुने, गारगोटीचे कण असलेले खडक आहेत. ते झिजून झालेली रेती नदी वर्षानुवर्षे वाहून आणते. म्हणूनच कन्हान व वैनगंगा यांची रेती घरबांधणीस उत्तम समजली जाते. तेथील रेतीघाटांवरून ट्रक भरभरून शहराकडे येतात. ही केवळ एका शहराची गरज नव्हे. जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू व खडी वापरली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२२ सालचा अंदाज आहे. पाण्याच्या खालोखाल मनुष्य सर्वांत अधिक वापरतो ती हीच वस्तू.

रेती उपसल्याने नदीचे काय बिघडते? रेती म्हणजे नदीची साठवण आहे. पावसाळ्यातील पाणी तिच्या कणांमधील फटींत मुरून राहते आणि उन्हाळ्यात हळूहळू पाझरते. काठच्या विहिरींस त्यामुळे पाणी राहते. विदर्भातील नद्यांच्या याच रेतीत उन्हाळ्यात ढिवर लोक टरबूज व डांगर यांच्या वाड्या लावतात. रेती बेताने काढली, तर पुढच्या पुरात नदी ती भरून काढते. परंतु नदी जेवढी आणते त्याहून अधिक उपसली की पात्रात खोल खड्डे पडतात. खड्ड्यात उतरणाऱ्या पाण्याचा वेग वाढतो व ते वरच्या अंगाचा तळ कातरू लागते. आपल्याबरोबरची रेती ते खड्ड्यात टाकते आणि पुढे जाऊन खालच्या अंगाची रेती व काठ खाऊ लागते. मग पात्र खाली जाते, पुलांचे पाये उघडे पडतात आणि काठच्या विहिरींचे पाणी आटते. खड्डा एका ठिकाणी असला तरी त्याचे परिणाम दोन्ही अंगांच्या गावांस भोगावे लागतात.

नदीपासून माणूस जसे काही काढून घेतो, तसेच तिच्यात काही टाकतोही. सखल जागी मुरूम, माती, पडक्या घरांचा राडारोडा यांची भर घालून सपाट जमीन तयार केली जाते. मुंबईची मिठी नदी हे याचे ठळक उदाहरण आहे. नाग नदीप्रमाणे तिलाही तलावांच्या सांडव्याचे, विहार व पवई या तलावांचे, पाणी मिळते. तिच्या काठच्या दलदलीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभारण्यात आले आणि विमानतळापाशी तिचा प्रवाह आवळला गेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्याला पसरावयास जागा उरली नव्हती. ते घरांत शिरले. त्या पुरात शेकडो माणसे दगावली.

शहराचा तिसरा परिणाम डोळ्यांस सहजी दिसत नाही. एक हेक्टर शेतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १० लाख लिटर भरते. भेगाळलेली काळी माती त्यातील बराच भाग प्रथम पिऊन घेते. उरलेले पाणी बांधांना अडत सावकाश नाल्यास मिळते. त्याच हेक्टरावर छपरे, रस्ते व फरसबंदी झाली की जवळजवळ सारे पाणी थोड्याच वेळात नाल्यावर येऊन कोसळते. आकाशातून पाऊस तेवढाच पडतो, परंतु पूर मात्र मोठा होतो.

या गोष्टींची नागपूरला कठोर जाणीव झाली ती २०२३ साली. २२ सप्टेंबरची रात्र संपून २३ तारीख उजाडण्याच्या सुमारास अवघ्या चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. १८७० च्या सुमारास बांधलेला अंबाझरी तलाव भरून वाहू लागला. खालच्या बाजूस नाग नदी वस्त्यांमधून, दोन्हीकडच्या भिंतींमध्ये अरुंद होऊन वाहते. तो लोंढा तिच्यात मावला नाही. माणसे झोपेत असतानाच पाणी घरांत चढले. हजारो घरांची हानी झाली. काही जणांस प्राणास मुकावे लागले. त्यांत बिछान्यावरून उठण्याची शक्ती नसलेले वृद्धही होते. नदीने आपली जुनी जागा परत घेतली, परंतु त्या जागेवर आता माणसे राहत होती.

तर मग शहराने वाढूच नये काय? तसे म्हणता येणार नाही. रुग्णालय हवे, रस्ता हवा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर छप्परही हवे. प्रश्न आहे तो मोजमापाचा. महाराष्ट्रात पाटबंधारे खाते नद्यांच्या पूररेषा आखते. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करावयाचे नाही, असा नियम आहे. पर्यावरणाची परवानगी घेतल्यावाचून लहान क्षेत्रातूनही वाळू वा खडी काढता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बजावले. दगड दळून केलेली कृत्रिम वाळू आता नदीच्या रेतीऐवजी वापरता येते. पडक्या इमारतींचे तुकडे फोडून पुन्हा कामी आणता येतात. नव्या वसाहतीत तळी राखली, नाले मोकळे ठेवले आणि काही जमीन उघडी सोडली, तर पावसाचे पाणी पुन्हा मुरू लागते.

हे नियम कागदावर आहेत, तसे ते जमिनीवर उतरले पाहिजेत. मिहानच्या माळावर अजून पुष्कळ जमीन मोकळी आहे. नाग नदीच्या काठी जी जागा उरली नाही, ती येथील नाल्यांसाठी राखून ठेवण्यास अद्याप वेळ आहे. नदी बोलत नाही, अर्ज करीत नाही आणि आपल्या जागेचा दस्तऐवजही तिच्यापाशी नसतो. पाऊस पडला म्हणजे मात्र ती आपल्या जुन्या वाटेनेच येते. ती वाट कोणती, हे घर बांधण्यापूर्वीच पाहून ठेवावे, यातच शहराचे हित आहे.