अमेरिकेंतील जुनीं प्यूटरचीं भांडीं व त्यांवरील मुद्रा

प्यूटर म्हणजे मुख्यत्वें कथील; संस्कृतांत ज्याला त्रपु किंवा वंग म्हणतात तो धातु. कठीणपणा यावा म्हणून त्यांत थोडें तांबें अथवा अँटिमनी, व हलक्या मालांत शिसें मिसळीत. अठराव्या शतकांत इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींत सुखवस्तु गृहस्थाच्या मेजावर याच धातूचीं ताटें, पेले व चमचे असत. तथापि त्या देशांत घडलेल्यांपैकीं आज उरलेलीं थोडींच आहेत.

याचें कारण असें कीं, वसाहतींत कथील निघत नसे. इंग्लंडनें कच्च्या कथिलावर जकात ठेवून तयार भांडीं मात्र तींतून मोकळीं सोडिलीं; हेतु उघड आहे. तेव्हां तेथील कारागीर झिजलेलीं भांडीं मोडींत घेऊन पुनः वितळवीत. आजोबांचें ताट नातवाच्या ताटांत जिरून गेलें. जुनें अक्षर खरवडून त्याच चर्मपत्रावर नवा ग्रंथ लिहावा तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें खालचें अक्षर कोणत्याहि उपायानें वाचतां येत नाहीं.

धातूचा रस पितळी साच्यांत ओतून भांडें मग चरकावर कांतीत. साचे महाग, म्हणून ते वारशानें जात. कनेक्टिकटमधील डॅनफोर्थ घराणें व त्याचे आप्त बोर्डमन यांनीं हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालविला. अर्थात् केवळ घाटावरून काल ठरविणें धोक्याचें होय. हस्तलिखितास जशी पुष्पिका, तशी या भांड्यांस कारागिराची मुद्रा. व्हर्जिनियांतील चकाटक गांवच्या जोसेफ कोपलंडच्या मुद्रेंत नांव, गांव व १६७५ हें वर्ष, तिन्ही आहेत. ती धारण करणारा चमचा जेम्सटाउनच्या उत्खननांत मिळाला. त्या देशांतील प्यूटरचा इतका जुना कालनिर्दिष्ट पुरावा दुसरा नाहीं, असें मानितात.

परंतु मुद्राहि डोळे झांकून मानूं नये. गुलाब-मुकुट व सिंह हीं चिन्हें इंग्रजी धाटणीचीं. कित्येक अमेरिकन कारागिरांनीं तर आपल्या मालावर ‘लंडन’ हीं अक्षरें ठोकिलीं, कारण गिऱ्हाइकाचा भरंवसा विलायती मालावर! स्वातंत्र्यानंतर मात्र गरुडाची मुद्रा रूढ झाली. फिलाडेल्फियाचा विल्यम विल (१७४२–१७९८) हा या संधिकालांतला. जन्मानें जर्मन, लष्करांत कर्नल, पुढें शहराचा शेरीफ. त्याचीं कॉफीचीं पात्रें जाणते लोक फार वरच्या प्रतीचीं समजतात.

२३ जुलै १७८८ रोजीं नव्या राज्यघटनेच्या उत्सवांत न्यूयॉर्कचे प्यूटरकार आपलें रेशमी निशाण घेऊन मिरवणुकींत चालले. त्यावर त्यांचा कारखाना व काम करणारे कारागीर रंगविले आहेत. तें निशाण तेथील इतिहासमंडळाच्या संग्रहीं सुरक्षित आहे.