बॅटरी लावावी, पण कुठे?

रेकॉर्डवर आलापी सुरू होते आणि तानपुऱ्याखाली एक बारीक घरघर ऐकू येते. ती भिंतीतून आलेली असते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. तिची डीसी करताना १०० हर्ट्झचा तरंग उरतो आणि तो नीट गाळला गेला नाही, की थेट स्पीकरपर्यंत पोचतो. यावर उतारा म्हणून काही हौशी मंडळी अख्खी सिस्टीमच लिथियम बॅटरीवर चालवू पाहतात. माझे मत असे की बॅटरी जरूर लावावी, पण एकाच जागी, टर्नटेबलच्या फोनो प्रीअँपला.

सीडी प्लेयर साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल असतो ५ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे त्याच्या चारशेव्या हिश्शाएवढा, आणि मूव्हिंग कॉइलचा तर अर्ध्या मिलिव्होल्टच्या घरात. एवढा क्षीण सिग्नल वाढवताना सोबत शिरलेली घरघरही तेवढीच वाढते. त्यात दोन उपकरणांचे अर्थिंग दोन ठिकाणी झाले असेल, तर सिग्नलच्या वायरमधूनच नको तो प्रवाह फिरू लागतो. बॅटरीच्या 'शुद्ध' विजेचे फार कौतुक होते. तिचा खरा गुण म्हणजे भिंतीशी तिचा संबंधच नसतो. अर्थात ऐकताना चार्जर काढलेला हवा, नाहीतर सगळे मुसळ केरात. २०० मिलिअँपिअर घेणारा प्रीअँप ६ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर कागदावर तरी ३० तास चालतो. पॉवर अँपचे गणित मात्र जुळत नाही. 'बारा व्होल्टच्या' लिथियम बॅटरीच्या १२.८ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला ब्रिज जोडणीतही जेमतेम १० वॅट मिळतात. जास्त हवे तर व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर लावा, म्हणजे त्याचा स्विचिंगचा गोंगाट आलाच. आगीतून फुफाट्यात.

कोणी म्हणेल, घरात इन्व्हर्टर आहे, तीही बॅटरीच की! पण इन्व्हर्टर त्या डीसीची पुन्हा ५० हर्ट्झची एसी करतो, आणि स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह असेल तर भुणभुण उलट वाढते. चांगल्या लिनियर सप्लायनेही हेच साधते, हा आक्षेप मात्र खरा आहे. ज्यांची सिस्टीम आताच शांत आहे, त्यांनी पैसे रेकॉर्डवर घालवावेत. कार्ट्रिजशेजारी ट्रान्सफॉर्मर ठेवल्यामुळे येणारी घरघरही बॅटरीने जात नाही. तिथे ट्रान्सफॉर्मरच हलवावा लागतो. राहिली आगीची भीती. सोनीने १९९१ मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती कोबाल्टची होती. घरासाठी त्याऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी, ती उष्णतेला जास्त दाद देत नाही. तरीही बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) असलेलीच घ्या आणि पॉझिटिव्ह टर्मिनललगत फ्यूज बसवा, कारण शॉर्ट झाल्यास असल्या सेलमधून क्षणात प्रचंड करंट वाहतो.

आणि दुकानात जाण्याआधी प्रीअँपच्या मागचे लेबल वाचा. काहींना डीसी लागते, काहींना चक्क एसी. शिवाय पूर्ण चार्ज झालेली 'बारा व्होल्टची' बॅटरी मीटरवर तेराच्या वर दाखवते. तुमच्या प्रीअँपला तेवढे चालत नसेल, तर या भानगडीत पडू नका.