खरूज : वेष पालटणारा जुना आजार

खरूज हा आजार सर्वांच्या परिचयाचा आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर व कमरेभोवती उठणारे बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज ही तिची नेहमीची ओळख. एक अतिसूक्ष्म अष्टपाद कीटक त्वचेत बोगदे करून अंडी घालतो, हे तिचे कारण. परंतु प्रत्येक रुग्णात ती याच रूपात दिसते असे नाही.

तान्ह्या मुलांत पुरळ तळहात, तळपाय व डोक्यावरही उठते आणि इसबाचा भास होतो. वृद्धांत क्वचित पाण्याने भरलेले मोठे फोड येतात, तर काहींत पुरळ अगदी थोडे व खाज मात्र असह्य असते. काख व जांघेतील खाजऱ्या गाठी उपचारानंतरही बरेच दिवस राहतात. नायटा समजून स्टिरॉइडयुक्त मलम परस्पर लावल्यास खाज तात्पुरती शमते, पुरळाचे रूप बदलते आणि आजार मात्र पसरत राहतो.

सर्वांत फसवे रूप म्हणजे खपल्यांची खरूज. १८४८ साली डॅनियलसेन व बोक यांनी नॉर्वेतील कुष्ठरुग्णांत तिचे वर्णन केले. साध्या खरजेत अंगावर साधारण १० ते १५ कीटक असतात. येथे ती संख्या हजारांवर, कधी लाखांवर जाते. त्वचेवर जाड पापुद्रे धरतात, खाज कमी असू शकते आणि सोरायसिसचे निदान होते. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या अशा एका रुग्णापासून घरातील व शुश्रूषा करणाऱ्या अनेकांना लागण होऊ शकते. खाजवून झालेल्या जखमांत जंतुसंसर्ग झाल्यास मुलांच्या मूत्रपिंडांनाही इजा पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली या आजाराचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला, तो उगाच नव्हे.

म्हणूनच घरात आणखी कोणाला खाज आहे का, हा प्रश्न निदानात मोलाचा ठरतो. पहिल्या लागणीनंतर लक्षणे दिसण्यास ४ ते ६ आठवडे लागत असल्याने, खाज नसलेल्यांसह सर्व कुटुंबीयांनी एकाच वेळी उपचार घेणे आवश्यक असते. परमेथ्रिन मलम वैद्यकीय सल्ल्याने रात्रभर लावून साधारण आठवड्याने पुन्हा लावतात. कपडे व अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे.

खरूज हा अस्वच्छतेचा कलंक नव्हे. ती न लपविता वेळीच दाखविणे, यातच रुग्णाचे आणि साऱ्या कुटुंबाचे हित आहे.